पायाळूचा पाय

रंजिता पायाळू; जन्मली तेव्हा आधी तिचे पाय बाहेर आले होते. म्हणून लग्न होऊन ती सानगडीत आली आणि कुणाच्याही कमरेत चमक भरली की माणूस तिच्या दारात येऊ लागला. उंबऱ्यावर पालथं झोपायचं. तिनं अंघोळीआधी डाव्या पायानं कमरेवर तीन हलक्या लाथा मारायच्या. दोघांनीही एक शब्द बोलायचा नाही; बोललं की पाय लागत नाही, असं सगळे मानत.

पाच महिन्यांपूर्वी, एका रविवारी, उंबऱ्यावर तिचे सासरे सेवकराम झोपले होते. धानानं भरलेले कट्टे उचलताना त्यांची कमर धरली होती आणि कळ घोट्यापर्यंत उतरत होती. तिनं तीन लाथा मारल्या. ते उठले आणि मुकाट गोठ्याकडे गेले. सोमवारी दुपारपर्यंत त्यांचं ओटीपोट टणक फुगलं. धोतर थेंबथेंब भिजत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मणक्यांमधली गादी सरकून खालच्या नसांच्या जुडग्यावर बसली होती. लघवीची पिशवी भरल्याची खबर वर नेणाऱ्या आणि ती रिकामी करणाऱ्या नसा त्याच जुडग्यात असतात. ऑपरेशन लगेच झालं. पाय वाचले. लघवीचं मात्र वर्षभर, कदाचित जास्तही, थांबून बघावं लागेल, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्याआधी कमरेला काही मार लागला होता?"

रंजिताकडे कुणी पाहिलं नाही. हे न पाहणं तेव्हापासून घरात राहायलाच आलं.

आता सेवकराम दर पाच तासांनी, घड्याळ बघून, बारीक नळी घेऊन न्हाणीत जात. मगात धार पडल्याचा आवाज येईपर्यंत रंजिताचा हात भाकरीवर थांबून राही. कधी त्यांना घाईची लागल्यासारखं वाटे आणि मगात काहीच पडत नसे. कधी तोच मग काठोकाठ भरे आणि त्यांना कशाचाच पत्ता नसे. आणि रंजिताच्या डाव्या तळव्याला त्यांच्या कमरेची ऊब अजून जाणवत होती. पाय धुतला तरी ती जात नव्हती. आपल्याच लाथेनं झालं का, एवढंच तिला कळायला हवं होतं. विचारणार कुणाला?

त्या सकाळी शेजारचे सोमाजी आले ते सरळ उंबऱ्यावर पालथे झाले.

"सूनबाई, लाव पाय. तीन दिवस झाले, वाकून चालून राहिलो. बायको म्हणते, असेच राहा, नांगराले जुंपतो."

"मी पाय लावणं सोडलं, काकाजी."

"काहून? पायाले पेन्शन भेटली का?"

"कळ पायात उतरते का?"

"दोन्ही पायात. मुंग्या बी येऊन राहिल्या. आता बोलाले लावू नको, मंग पाय लागत नाई." त्यांनी डोळे मिटले.

पुढचा प्रश्न रंजिताच्या ओठांवर आला आणि तिथंच अडला. सून असून वडीलधाऱ्या माणसाला तो विचारायचा कसा?

तेवढ्यात सेवकराम न्हाणीतून बाहेर आले. टॉवेलखाली झाकलेला मग ते बायकोच्याही नजरेस पडू देत नसत. आज त्यांनी टॉवेल काढला आणि भरलेला मग सोमाजींच्या तोंडापुढं ठेवला.

"सोम्या, लघवी होते का नीट?"

सोमाजी हसले. "हे काय विचारणं झालं, सेवक?"

"मी बी असाच हासलो असतो. त्या शनवारी सांजच्याले मी ओल्या पोत्यावर बसलो. धोतर भिजलेलं डोळ्यानं पाहिलं, बुडाले कळलंच नाई. लघवीले लय जोर लावा लागला. डॉक्टरपाशी जा, तं धोतर सोडा लागते. हिच्या पायाले काई सांगा लागत नाई. म्हणून मी रविवारी इथं येऊन झोपलो."

सोमाजींचं हसू विरलं. त्यांनी गाल जमिनीला टेकवला. "काल सांजपासून झाली नाई," ते हळूच म्हणाले.

अर्ध्या तासात तिघं ऑटोत होती. कधीपासून काय झालं ते डॉक्टरांना न चुकता सांगेल म्हणून रंजिताला सेवकरामांनीच सोबत घेतलं होतं. साकोलीच्या दवाखान्याच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला सोमाजी दात आवळत होते.

शनिवार. म्हणजे सुरुवात लाथेच्या आधीची. रंजिताला मोकळं वाटायला हवं होतं. पण जोर लावून का होईना, शनिवारी लघवी झाली होती. सोमवारी बंद होती. त्या दोहोंच्या मध्ये तिचा पाय होता.

"मामाजी," ती म्हणाली, "रविवारी, लाथेनंतर, एकदा तरी झाली होती का?"

सेवकरामांनी तोंड बाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे वळवलं.

"मले नाई आठवत, बाई. झाली होती म्हणून सांगू?"

"नको," रंजिता म्हणाली.