आठ पाकळ्यांचा ठसा

"दादा, हा भिंतीवर बरा दिसंल," दुर्गाबाई म्हणाली आणि तिने लाकडी ठसा मारोतीच्या पुढ्यात ठेवला.

तिने छापून बघितलेल्या पांढऱ्या कापडावर फूल उमटायचं, तिथे नुसता लाल डाग पडला होता. पाकळ्यांमधल्या जागा रंगाने बुजून गेल्या होत्या.

"रंग जास्त झाला असेल," मारोती म्हणाला.

"तीस वर्सं छापतेय मी."

तिचा जुना ठसा तडकला आणि दहा साड्या अर्ध्यावर अडकल्या. आठवड्यापूर्वी ती नवा सांगून गेली होती. आज दोन बस बदलून, जासईहून कोपरखैरण्याला तो न्यायला आली होती.

मारोतीने खाचेत नख घातलं. ते लगेच तळाला टेकलं.

गेली चार वर्षं तो दुकानांसाठी शोभेचेच ठसे कोरत होता. भिंतीवर टांगायच्या ठशाला रंग लागत नाही, मग खोल कोरायचं कशाला? वरवर नक्षी उठली की झालं. घर चाललं. पण हात उथळ कधी झाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. हा ठसा तर त्याने जीव लावून कोरला होता. तेच जास्त लागलं.

"चुकलं म्हणा की," आतून त्याची बायको शकुबाई म्हणाली. "जीभ झडतीय व्हय?"

"चुकलं," मारोती म्हणाला. "दुर्गाबाई, चार दिवसांनी या."

"साड्या परवा द्याच्यात. बसते मी हितंच. आज चतुर्थी हाय, जेवनाची घाई नाय."

शकुबाईने तिला चहा दिला. मारोतीने ठसा मांडीत धरून पटाशी लावली. पाकळ्यांच्या कडा पातळ. एक घाव जास्त बसला की पाकळी उडालीच. चार घाव घालायचे, मनगट दाबायचं, पुन्हा चार. दोघी त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.

ऊन कललं तेव्हा तीन पाकळ्या झाल्या होत्या. बोटं मिटत नव्हती.

दुर्गाबाईने ठसा उचलला. तेवढ्या तीन पाकळ्यांनाच बोटाने रंग लावला, कापडावर टेकवून वरून मूठ मारली. अलगद उचलला. तीन पाकळ्या, वेगवेगळ्या, मधे पांढरं कापड.

तिने ठसा चिंधीने पुसला आणि चौथी पाकळी त्याच्याकडे येईल असा फिरवून मारोतीच्या मांडीवर ठेवला.