सौदामिनी सिस्टरवरचा आळ आणि मी

मित्रांनो, माझं झाकण एकाच बिजागरीवर तग धरून आहे, यावरूनच माझं वय ओळखा. मी एक लॅपटॉप आहे.

एका बँकेत वापरून झाल्यावर मला केरळातल्या वडकरा गावच्या सेवाकेंद्राला दान केलं. अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन शुश्रूषा करणारं हे केंद्र. तिथले संगणक शमीना सांभाळते. तिने माझ्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली आणि मला दुसरा जन्म दिला. किती लाड केले माझे! पुढे नवे संगणक आले आणि मी कपाटावर जाऊन पडलो.

मग रुग्णांच्या घरी फोन येऊ लागले. "तुमच्या वडिलांचा कर्करोग आमच्या काढ्याने बरा होईल." कोणाला काय आजार आहे, ते फोनवाल्याला नेमकं ठाऊक! घरोघर जाते सौदामिनी सिस्टर, म्हणून आळ तिच्यावर आला.

केंद्राचे सचिव बालन मास्तर तिला म्हणाले, "चौकशी होईपर्यंत घरीच थांबा, सिस्टर."

"मास्तर, या माणसांच्या जखमा धुते मी. त्यांचे आजार विकीन?" एवढंच बोलून तिने मलमपट्टीची पिशवी खाली ठेवली आणि ती निघून गेली.

शमीनाला राहवेना. "मास्तर, आधी आपलं वायफाय मला तपासू द्या."

"तपास बाई. फक्त काही मोडून ठेवू नकोस."

नवे संगणक कामात होते. तिने मला खाली काढलं आणि ओढणीने पुसलं. माझ्या पडद्यावर काळी खिडकी उघडून ती हुकूम टाइप करू लागली. नेटवर्कमधली उघडी दारं शोधणारं मुक्त सॉफ्टवेअर तिला बसवायचं होतं. मी म्हणालो, असं काही सापडत नाही. सॉफ्टवेअर जिथून उतरवायचं, ते माझ्याकडचे जुने पत्ते तिने बदलले. मग मी म्हणालो, जागा नाही.

"अरे म्हाताऱ्या, पोटात काय काय भरून ठेवलंयस!" ती हसली आणि नको ते एकेक पुसत गेली. माझा पंखा घरघरू लागला, अंग तापलं. तिने माझ्या खाली दोन पुस्तकं सरकवून वारा खेळता केला. "एवढं कर रे, सिस्टरसाठी."

ओळीमागून ओळ सरकली. सॉफ्टवेअर बसलं! तपासणी सुरू झाली आणि थोड्याच वेळात शमीना ओरडली, "मास्तर, इकडे या! रुग्णांची सगळी माहिती उघडी पडलीय. पासवर्डच नाही. व्हरांड्यात बसलेला कोणीही मोबाइलवर वाचेल."

मास्तर येऊन पडद्यावरची नावं वाचू लागले. "डॉक्टरांना सोयीचं पडावं म्हणून पासवर्ड मीच काढायला लावला होता गं."

शमीनाने ते दार तिथल्या तिथे बंद केलं, पोलिसांना कळवलं. मास्तर स्कूटरवरून तडक सिस्टरकडे गेले. पुढचं त्यांनीच माझ्यासमोर शमीनाला सांगितलं. सिस्टर अंगणात मासे साफ करत होती. मास्तरांनी हात जोडले.

"माफीचं मागाहून बघू," ती म्हणाली. "अंथरुणावरच्या आपल्या कणारेट्टनची मलमपट्टी कोणी केली?"

"म्हातारा कोणाला हात लावू देत नाही. तुम्हीच हव्यात म्हणतो."

तिने हात धुतले आणि स्कूटरवर मागे बसली.

फोनवाला अजून सापडलेला नाही. मी मात्र आता टेबलावर असतो. शमीना मला दर आठवड्याला तपासणीला बसवते. मित्रांनो, जुनं यंत्र अडलं की त्याला जरा वेळ द्या, लगेच टाकून देऊ नका. आणि माणसाच्या बाबतीत तर त्याहून सावकाश घ्या.