अवसेचं पाणी

चिमूटभर पिवळी भुकटी, मैद्यासारखी मऊ, अनुसयाच्या नाचणीच्या भाकरीवर पडली होती, आणि तिचा मुलगा परशू समोर बसून, तोंडातला घासही न गिळता, सांगत होता की ती धूळ आहे. चाळिशीचा बाप्या, पण डोक्यावरच्या माळ्याकडे मान वर करून बघत नव्हता. धूळ म्हणे! जन्म वेळूच्या छपराखाली गेलेल्या बाईला हा धूळ शिकवणार... धूळ उडते, ही झिरपत होती. तीन महिन्यांपूर्वी बांधलेला माळा, त्याच्या वेळूंना आत्ताच टाचणीएवढी भोकं, आणि आतून बारीक करकर — कुणी बसून दळण दळावं तशी.

वेळू अवसेला तोडायचा. तिचा नवरा लखू जिवंत होता तोवर बाजारकुणंग गावात पुनवेला वेळूवर कोयता चालवायची कुणाची छाती नव्हती. पुनवेला चंद्र पाणी वर ओढतो, समुद्रात तसंच वेळूत, आणि रसानं भरलेल्या वेळूला भुंगा लागतो, असं लखू सांगायचा — ज्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

"कवा तोडलास?"

"अवसेला. तवाच सांगितलं न्हाई व्हय?"

"गाडी कुणाची हुती?"

"जीपवाल्या महाबळेश्वराची."

"महाबळेश्वर अवसेला जीप भाईर काढत न्हाई. बायको आजारी पडली तवाबी काढली न्हाई त्यानं."

परशूनं घास गिळला. "पुनव हुती," तो म्हणाला. मग, जरा धीर येऊन, "आन् आये, तूच म्हणाली हुतीस न्हवं? अवसेला बी समुद्र भरतो म्हणून. मग पुनव काय आन् अवस काय!"

तिचा हात ताटातच राहिला.

हे त्यानं काढावं... हे? तीन वर्षांपूर्वी लेकीच्या, केशरच्या, बाळंतपणाला ती महिनाभर लेकीच्या सासरी, सदाशिवगडला, राहिली होती. मागच्या दारी पायऱ्या, पायऱ्यांशी काळी नदी, पलीकडे समुद्र. पुनवेच्या दुपारी पाणी पाचव्या पायरीला टेकलं, नदी चक्क उलटी वाहू लागली — आमच्या अणशीच्या डोंगरांवरून उतरलेलं पाणी आल्या वाटेनं माघारी — आणि तिची छाती फुगली. लखू खरा होता! विहीणबाईंना तिनं ऐकवलंदेखील की आमच्या रानात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अष्टमीला पाणी मरगळलं. मग अवस आली, आणि भर दुपारी, चंद्राचा पत्ता नसताना, पाणी पुन्हा पाचव्या पायरीवर. तिनं वाकून बोट बुडवून पाहिलं. विहीण मासळी साफ करता करता म्हणाली की अवसेला सूर्यही चंद्राच्याच बाजूनं ओढतो. दोघी जावांनी एक व्हावं, इतक्या सहज म्हणाली. म्हणजे मग लखूचा वेळू? सगळ्या समुद्राला उधाण आणि वेळू तेवढा रिकामा — कसा?

हे तिनं कुणाला विचारलं नाही. परतताना, अणशी घाटाच्या वळणांवर, न्यायला आलेल्या एकट्या परशूला विचारलं होतं : तुझा बा चुकला असंल का रे? तो नुसता तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिला. आणि मला वाटलं — मला मेलीला वाटलं, याच्यापाशी हे जपून राहील.

जपून राहिलंच की. कधीतरी सोयीला पडेल म्हणून त्यानं ते तेव्हाच खिशात टाकलं होतं.

भुंगा पुनवेमुळं लागला की नुसताच लागला, लखू खरा की समुद्र, हे आता कळायचं नव्हतं. नवल म्हणजे तिला ते कळून घ्यायचंही राहिलं नव्हतं. राग यायला हवा होता, रागाची तिला सवय होती... पण आत नुसतंच काहीतरी ओसरत चाललं होतं आणि तळ उघडा पडत होता.

"नवा माळा घालतो, आये," परशू म्हणाला. "येत्या अवसेला. आता तरी जेव."

तिनं आवाज चढवू पाहिला, तो चढला नाही.

"माळा घाल न्हाईतर ऱ्हाऊ दे. मी तुला शंका सांगितली हुती परशू, परवानगी न्हाई दिली. ह्या घरात हुकूम मी समद्यांना सोडते. शंका एकट्या तुला सांगितली. हितनं फुडं तुलाबी हुकूमच."