पास आऊट

सकाळी सातला जयसिंगच्या मोबाइलवर मेसेज आला. तो मेगनचा होता. अमेरिकेत त्याची लेक संस्कृती जिच्याबरोबर खोली घेऊन राहायची, ती मुलगी. मेसेज इंग्रजीत होता. जयसिंगने चष्मा लावून तो बायकोला, तुळजाबाईंना, मोठ्याने वाचून दाखवला. संस्कृती पास्ड आऊट टुडे. ती आराम करतेय, उद्या फोन करेल.

“पोरगी पास आऊट झाली,” तो म्हणाला. गेल्या वर्षी पुतण्या इंजिनिअरिंग पास आऊट झाला, तेव्हा अख्ख्या धायरीत फ्लेक्स लागले होते. जयसिंगने लगेच भावाला फोन लावला, मग फ्लेक्सवाल्याला, आणि पेढे आणायला गाडी काढली.

तुळजाबाईंचं मात्र कशात मन लागेना. परवाच संस्कृती म्हणाली होती, अजून दोन पेपर राहिलेत. शिवाय महिनाभर ती व्हिडिओ लावत नव्हती, नेट नीट नाही म्हणायची. आणि एवढी मोठी बातमी ती स्वतः न सांगता दुसरीला सांगायला लावेल? त्यांनी मुलीला चारदा फोन लावला. उचलला नाही. दूध उतू गेलं, तेही त्यांना वास आल्यावर कळलं.

दहाच्या सुमारास त्या जयसिंगचा घरी राहिलेला मोबाइल घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे अमरावतीची नम्रता भाड्याने राहायची. तिचं काम अमेरिकन लोकांशीच असायचं. तिने मेसेज वाचला आणि पुन्हा वाचला.

“काकू, आपण कॉलेज संपलं की पास आऊट म्हणतो,” ती सावकाश म्हणाली. “तिकडे चक्कर येऊन कोणी पडलं, शुद्ध हरपली, की असं म्हणतात.”

तुळजाबाई खाली बसल्या. त्यांनी विचारलं, “आन नुसतं पास म्हटलं तर?”

एरवी नम्रताने जेवताना मीठ पास करण्यापासून सगळे अर्थ सांगितले असते. पण बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. “त्याचा एक अर्थ वारला असाही होतो,” ती म्हणाली, “पण इथे तसं नाही लिहिलेलं. आराम करतेय, असं लिहिलंय.”

नम्रताने मेगनला मेसेज केला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, उत्तर येईना. तुळजाबाई जिन्यावरून खालीवर करत राहिल्या. खाली अभिनंदनाला बायका येत होत्या. त्यांना त्या चहा देत होत्या, आणि नवऱ्याला काही सांगत नव्हत्या. खात्री नसताना कसं सांगायचं?

साडेचारला संस्कृतीचाच फोन आला. लायब्ररीत चक्कर येऊन पडले, ती म्हणाली. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, घरी सोडलं. मग ती रडायला लागली. मागच्या सेमिस्टरला ती एका विषयात नापास झाली होती. तो विषय निघावा म्हणून रात्ररात्र जागायची, जेवायचंही विसरायची. वडिलांना, आप्पांना, कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून ती गप्प होती.

जयसिंग तेवढ्यात पेढ्यांचा रिकामा खोका घेऊन आत आला. तुळजाबाईंनी फोन त्याच्या हातात दिला. तो उभ्यानेच ऐकत राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला.

“आज काय खाल्लंस?” त्याने विचारलं.

काहीच नाही, असं उत्तर आलं.

“मग आधी खा. आमच्यासमोर खा. व्हिडिओ लाव.”

पोरीचे गाल बसले होते. तिने ब्रेडचे दोन तुकडे संपवेपर्यंत दोघेही हलले नाहीत.

त्यानंतर जयसिंगने फ्लेक्सवाल्याला थांबवलं. संध्याकाळभर अभिनंदनाचे फोन येत होते. प्रत्येकाला तो एकच सांगत होता. “पास न्हाय झाली ती. चक्कर येऊन पडलीती. आता बरी हाय.” एकदोघं हसले. त्याने फोन ठेवून पुढचा घेतला.

तुळजाबाई पुन्हा जिना चढून वर गेल्या. नम्रताचं काम चालू होतं, तरी त्या दारातच उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, “व्हिसाला किती दिवस लागत्यात गं?”