डाव्या हाताने कोरलेला मासा

मी एक जुना लाकडी मासा आहे. लांबी अर्धी वीत, अंग सागाचे, पोटात शिशाचा तुकडा आणि तोंड थोडे डावीकडे वाकडे. वयाने मी फार मोठा नाही, पण मिठाने मला लवकर म्हातारे केले. समुद्रातले मासे धरायला गळाला जे आमिष लावतात, त्यातले नकली आमिष म्हणजे मी. आणि राहतो कुठे, तर मुकुंदवाडीत! इथून समुद्र गाठायचा तर दोन एसट्या बदलाव्या लागतात. तरी मित्रांनो, मला दिवसाढवळ्या समुद्राची स्वप्ने पडतात. दुपारी स्टेशनात गाडी शिरली की खिडकीचे गज थरथरतात आणि मला वाटते, भरती आली.

मला घडवणारे कडुबा हे सुतार. चौकटी, कपाटे, लग्नातले पलंग अशी कामे त्यांनी आयुष्यभर केली. मग एका सकाळी लकवा मारला आणि उजवा हात लटकून राहिला. तेव्हापासून घरातले सगळे त्यांच्यासाठी सगळे करू लागले. बायको सत्यभामा भाकरी कुस्करून देई, शर्टाच्या गुंड्या लावून देई. माया कुणाची कमी नव्हती, पण कडुबा आतून झिजत होते. त्यांना एकच गोष्ट हवी होती. एक तरी काम पहिल्यापासून शेवटापर्यंत, कुणाचा हात न लागता, आपले आपण पुरे करायचे.

त्यांची लेक करुणा कोकणात खाडीकाठच्या एका गावात नर्स आहे. सुटीच्या दिवशी ती तिथे हौसेने गळ टाकायला शिकली होती. फोनवर सगळे सांगायची.

"आबा, इथल्या जिताडा माशाचे लई नखरे असतेत. जिवंत कोळंबी लावली तर झटक्यात येतोय. मेलेली लावली तर वासावर येतोय, पण तवर खेकडेच खाऊन टाकतेत. अन् तिसरं नकली. त्याला वास नाय, जीव नाय. आपण नाचवलं तरच ते मासा होतंय."

"एका हातानं जमतंय का?" कडुबांनी विचारले.

करुणाने मनात हिशेब केला. कोळंबी टोचायला दोन हात लागतात, आणि तेही दर खेपेला. "नकली असलं तर जमंल," ती म्हणाली. "ते एकदा बांधलं की बांधलं."

त्या दिवशी माझा जन्म ठरला.

सागाचा एक तुकडा पायाखाली दाबून कडुबा डाव्या हाताने मला कोरू लागले. पटाशी तीनदा घसरली. अंगठा कापला तेव्हा सत्यभामा धावली, तर म्हणाले, "सरक तिकडं." गुलमंडीच्या बाजारातून चंदेरी रंग तिनेच आणला, पण ब्रशला तिला हात लावू दिला नाही. तीन टोकांचा गळ करुणाने टपालाने पाठवला होता, तो त्यांनी माझ्या पोटाला अडकवला. मग मला पोहायला सोडले ते पाण्याच्या ड्रममध्ये. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. सत्यभामा अशी भडकली, की विचारू नका.

"प्यायच्या पाण्यात मासा पोहवायलात? ते पाणी काय तुमच्या समुद्रातून येतंय व्हय?"

मी मात्र तिथेच नापास झालो. तोंड वाकडे, म्हणून सरळ जाईना. लडखडत, कलंडत फिरलो. कडुबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला पुसून खिशात टाकले आणि माझे नावच काढले नाही.

माझी लाज वाटली म्हणून त्यांनी दुसरा बेत केला. जिवंत आमिष सगळ्यात भारी, एवढे त्यांच्या ध्यानात होते. मेहुणा बन्सी याने पैठणच्या धरणातले बोटभर मासे आणून दिले. पाण्याने भरलेला तो डबा कडुबांनी कोकणापर्यंत मांडीवर नेला. दर थांब्यावर झाकण उघडून ते माशांना वारा देत होते. एका हाताने मासे टोचायचे कसे, हे त्यांच्या डोक्यातच आले नाही.

खाडीच्या तोंडाशी वाळूवर पोचलो तेव्हा भरती चढत होती. सत्यभामा पदर सावरत बघतच राहिली. "एवढं पाणी, अन् एक घोट पिता येईना," ती पुटपुटली. कडुबांनी मोठ्या हौसेने डब्यात समुद्राचे ताजे पाणी ओतले. थोड्याच वेळात एकेक मासा उलटा होऊन वर आला.

"आबा, हे गोड्या पाण्यातलं जित्राब," करुणा हळूच म्हणाली. "खाऱ्यात कसं जगंल?"

कडुबा खाली बसले. "मांडीवर घेऊन आलतो गं त्यांना." आम्हा घाटावरच्यांना पाणी म्हणजे पाणी. त्यातही जात असते, हे कुठे ठाऊक?

जिवंत आमिष असे मेलेले झाले. करुणाने त्यातलाच एक गळाला लावला आणि दोरी आबांच्या हाती दिली. खेकड्यांनी गळ साफ केला. तिने दुसरा लावला, तिसरा लावला, तेही गेले. चौथा लावायला ती वाकली तेव्हा कडुबांनी दोरी वाळूत टाकली.

"दर खेपेला तू लावणार अन् मी नुसती दोरी धरणार. मासा आला तरी तो तुझाच. चला घरी."

सत्यभामा पुढे झाली. तिने नवऱ्याच्या खिशात हात घातला, मला काढले आणि त्यांच्यापुढे वाळूवर ठेवले.

"बांधायचा तर बांधा. मी नाय बांधणार."

कडुबांनी मला उचलले. मग दोरीचे टोक दातात धरून, डाव्या हाताने त्यांनी गाठ मारली. पहिल्यांदा फेकले तर मी त्यांच्याच पायाशी पडलो. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मात्र मी उडालो.

मित्रांनो, ते पाणी मी कसे सांगू? वर हिरवा उजेड हलत होता, खाली वाळू सरकत होती, आणि कानात मंद घुमत होते. मी झाड होतो, पाट्याफळ्यांतला तुकडा होतो, हे सारे विसरलो. एका हाताने दोरी ओढता येत नव्हती, म्हणून कडुबा दोरी धरून वाळूवर उलटे, मागे मागे चालू लागले. तसा मी लडखडत, कलंडत निघालो. ड्रममध्ये जी माझी खोड होती, तीच इथे कामाला आली. जखमी मासा असाच पोहतो म्हणे. एक मोठी सावली माझ्यामागे आली. मी घाबरलो, आणि सुखावलोही. मग एकदम दणका बसला.

दोरी ताणली. करुणा धावत निघाली, पण सत्यभामाने तिचा हात घट्ट धरला. "थांब. बोलवलं का त्यांनी?"

कडुबा मागे चालतच राहिले. पाय वाळूत रुतत होते, दोरी तळहात कापत होती. एकदा पडले, बसल्या बसल्या मागे सरकले, पुन्हा उठले. शेवटी हातभर लांबीचा जिताडा वाळूवर आला. गुडघ्याने त्याला दाबून त्यांनी मला त्याच्या जबड्यातून सोडवले. मग ते हसले, आणि हसता हसता रडू लागले.

मुकुंदवाडीला परतल्यावर माझे काय कौतुक झाले! गल्लीत तो मासा रोज बोटभर वाढत गेला. त्या आनंदात मला धुवायचे मात्र सगळे विसरले. मी पिशवीत पडून राहिलो. रंगाचे पोपडे निघाले, गळ गंजला. मला राग आला होता, खोटे कशाला बोलू?

वर्षभराने एका सकाळी कडुबांनी पिशवी उपसली. माझी दशा बघून त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. नवा गळ आणि पक्कड घेऊन बसले. मला पायाखाली दाबले, मी निसटलो. पुन्हा दाबले, पुन्हा निसटलो. ते थांबले. स्वयंपाकघराकडे बघितले.

"अगं," ते म्हणाले, "जरा धरतीस का हे?"

सत्यभामा पिठाच्या हातांनीच आली. तिने मला दोन्ही हातांनी धरले. कडुबांनी पक्कड फिरवली आणि नवा गळ बसवला.

मित्रांनो, खाऱ्या पाण्यातून आलेली वस्तू त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन ठेवा, एवढे माझ्यासाठी करा. आणि तुमच्या घरात कुणाचा हात चालत नसेल, तर त्याच्या पुढ्यातले काम ओढून घेऊ नका. जवळ बसा. हाक यायला उशीर लागतो. लकवा मारल्यापासून सत्यभामा तीन वर्षे बसली होती.