डाव्या कानातलं गुपित

मी अजिनाथच्या डाव्या कानातला इअरफोन बोलतोय. आम्ही जुळे होतो. उजव्याला अजिनाथच्या आईच्या काळ्या शेळीनं चघळून टाकलं. घरचे दोन दिवस हसत होते, माझं सांत्वन मात्र कुणी केलं नाही.

अजिनाथचं घर गंगापूरकडचं, मेंढपाळाचं. आता छत्रपती संभाजीनगरात त्याची कंपनी आहे. शेळ्यामेंढ्यांच्या गळ्यातला पट्टा बनवते. जनावर भरकटलं की मालकाच्या मोबाईलवर कळतं. यंत्र त्यानं स्वतःच्या हातानं जुळवलं, पण कागद समोर आला की गडी घामाघूम! अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं उड्या मारतात. डॉक्टर त्याला डिस्लेक्सिया म्हणाले. शाळा आधीच 'ढ' म्हणून मोकळी झाली होती.

म्हणून तर मी. "रेकॉर्डला फोटो घेतो हं," म्हणत तो कागदाचा फोटो काढायचा, मोबाईल त्यातला मजकूर वाचायचा आणि मी कानात सांगायचो. हा कपाळाला आठ्या घालून पान उलटायचा. काय तो रुबाब! लोकांना वाटायचं, साहेब लई बारकाईनं वाचतात. कष्ट माझे, कौतुक ह्याचं.

कंपनीत हे गुपित फक्त त्याच्या भागीदार प्रांजलीला ठाऊक. "सांगून टाक ना एकदा," ती म्हणायची. पण मागं एका गिऱ्हाइकाला कळलं, तेव्हा त्यानं ऑर्डरच मागं घेतली होती. "ज्याला वाचता येत नाय, तो कंपनी काय चालवणार?" अजिनाथनं त्याचा धसकाच घेतला.

मग नानासाहेब आले. त्यांचा मोठा शेळीपालनाचा धंदा, चारशे पट्टे हवे होते. ही ऑर्डर गेली असती तर कंपनीला कुलूपच. सहीला बोलावलं आणि हा बहाद्दर वाटभर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत गेला! करार समोर आला, फोटो निघाले आणि दुसऱ्याच पानावर माझं चार्जिंग संपलं. आवाज गेला तरी ऐकू येतं बरं का मला.

अजिनाथ त्याच पानाकडं बघत बसला. पाच मिनिटं झाली.

"पान चिकटलंय का?" नानासाहेबांनी विचारलं.

अजिनाथनं मला काढून टेबलावर ठेवलं. "नानासाहेब, मला वाचता येत नाय. अक्षरं जाग्यावर थांबत नाहीत. पण ऐकलेलं मी विसरत नाय. वाचून दाखवता का?"

गेलं सगळं, मी मनात म्हटलं.

नानासाहेबांनी त्याच्याकडं नीट बघितलं, चष्मा चढवला आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतलं. सहाव्या पानावर अजिनाथ म्हणाला, "थांबा. इथं म्हणता, शेळीनं पट्टा खाल्ला तर कंपनी नवा देणार. दुसऱ्या पानावर म्हणालात, खर्च मालकाचा. नेमकं काय?"

नानासाहेबांनी पानं मागंपुढं केली आणि खो खो हसले. "आयला! मी तर न वाचताच सही ठोकली होती. बस बाबा, आधी हे नीट करू."

ऑर्डर मिळाली. आता अजिनाथ चहा यायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकतो आणि मोबाईल टेबलावर खुशाल मोठ्यानं वाचतो. मी बेकार झालो.

मला त्याच्या आईनं, पुतळाबाईंनी उचललं. माळावर शेळ्या चारताना त्या मला कानात घालतात. "शेळी क्रमांक चार दूर गेली आहे," असं मी सांगितलं की मोबाईलमधल्या बाईला म्हणतात, "व्हय बाई, जाते, जाते!" काल फोनवर त्यांनी अजिनाथला विचारलं, "माझीबी अक्षरं उड्या मारत असत्याल का रं? मला कुणी शाळंत घातलंच नाय." अजिनाथ म्हणाला, "रविवारी येतो आई. दोघं मिळून बघू."

पुतळाबाई, एक विनंती आहे. रविवारपर्यंत मला कानात घट्ट बसवा. शेळी क्रमांक चार म्हणजे तीच काळी, आणि ती सकाळपासून माझ्याकडं बघतेय.