सहदेवाला दिलेलं कडक औषध

माझ्या थोरल्या नातीचं बारसं झालं ते साल २०१७. त्याच पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला, सहदेवाला, रक्ताचा कर्करोग निघाला. चार महिने नागपूरला औषधं चालली, आजार दबला. मग डॉक्टर म्हणाले, आता दुसऱ्याच्या रक्ताच्या मूळ पेशी घालाव्या लागतील. माझ्या जुळल्या.

त्या आधी त्याचा स्वतःचा हाडांतला मगज, जिथं रक्त तयार होतं तो, औषधानं मारायचा होता. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. कडक औषध दिलं तर आजार परतायचा धोका कमी, पण माणूस त्या औषधानंच जाऊ शकतो. सौम्य दिलं तर शरीराला झेपतं, आणि उरलेल्या रोगाशी नव्या पेशी झुंजतात. आजार परतायची भीती मात्र जास्त.

"यांचं वय चौपन्न, यकृतही नाजूक. मी सौम्य देईन," डॉक्टर म्हणाले. "पण ठरवायचं तुम्ही."

सहदेव माझ्याकडे पाहून हसला. "दादा, तूच सांग. पण डॉक्टरसाहेब, याच्या हाती झाकण देऊ नका. एक सांगतलं तं दोन टाकते."

खरं होतं. सोनाळ्यात आमच्या शेतावर पंपात औषध मी कालवायचो, फवारायचा तो. डब्यावर एक झाकण लिहिलेलं असायचं. आम्हीच काय, शिवारात सारेच दोन टाकायचे. त्या साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा मी तीन टाकली. अळी बोंडाच्या आत बसलेली, तिला काही झालं नाही. तरी मी शिकलो नाही.

"कडकच द्या," मी म्हणालो. "अर्धवट मारलं तं पुन्हा येते."

"काका, हे कपाशीचं झाड नाही," डॉक्टर म्हणाले.

"झाड असतं तं उपटून फेकलं असतं. भाऊ हाय."

सहदेवाची बायको छाया हळूच म्हणाली, "भाऊजी, डॉक्टर सौम्य म्हणून राह्यले नं?"

"तुले काय समजते त्याच्यातलं?" मी तिला गप्प केलं. सहदेवानं सही केली.

सौम्य दिलं असतं तर उरलेलं काम माझ्याच पेशी करणार होत्या. त्यांच्यावर माझा भरवसा बसला नाही, हे मी कोणाला सांगितलं नाही.

कडक औषध दिलं, मग माझ्या पेशी घातल्या. सहदेवाचं तोंड सोलून निघालं, पाणी गिळवेना. मग डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. पेशी घातल्यापासून अठराव्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, तुमच्या पेशींनी जम बसवला. तोवर यकृत गेलं होतं.

सहदेव ३ मार्च २०१८ रोजी सकाळी नागपूरच्या दवाखान्यात वारला.